एक अध्याय, चार बैठका: पुनरुत्थान गटात कसं शिकावं

‘पुनरुत्थान’ हा विषय घेऊन बायबल-अभ्यासाचा गट बसला की पहिल्या दहा मिनिटांत बोलणं स्वर्गाकडे वळतं. मेल्यावर आत्मा कुठे जातो, आपली माणसं भेटतील का. हे प्रश्न अगदी खरे आहेत, पण ख्रिस्ती विश्वास ज्याला पुनरुत्थान म्हणतो ते आणखी पुढचं आहे: जे शरीर मेलं, तेच देव पालटून उठवतो. प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या जाहीर कबुलीत, ‘शरीराचे पुनरुत्थान’ असे शब्द आहेत ते याचसाठी. हा फरक व्याख्यान देऊन पटत नाही. बायबलमधल्या ‘करिंथकरांस पहिलं पत्र’ याचा अध्याय १५ सावकाश वाचला की तो आपोआप उमटतो.

तयारी अशी. गट सहा ते दहा जणांचा, बैठका चार, प्रत्येक सव्वा तासाची. बायबलची निदान दोन वेगवेगळी भाषांतरं, एक मोठा कागद, जाड पेन. अध्यायात ५८ वचनं आहेत. ती १ ते ११, १२ ते ३४, ३५ ते ४९ आणि ५० ते ५८ अशी वाटा. तिसऱ्या बैठकीच्या तीन दिवस आधी मूठभर गहू रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तो कशाला, ते पुढे येईल.

पहिल्या बैठकीत अख्खा अध्याय एकाच माणसानं मोठ्यानं वाचावा, मध्ये न थांबता. सात-आठ मिनिटं लागतात. आळीपाळीनं एकेक वचन वाचू नका. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा युक्तिवाद तुटतो आणि प्रत्येकाचं लक्ष स्वतःची पाळी कधी येते इकडे राहतं.

वचनं १ ते ११: मिळालेलं आणि पुढे दिलेलं

हे पत्र पौलानं इफिसहून करिंथ शहरातल्या मंडळीला इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलं. तिसऱ्या वचनात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं. म्हणजे पुढची घोषणा पत्रापेक्षा जुनी आहे. तिच्यातली क्रियापदं कागदावर एकाखाली एक लिहा: मरण पावला, पुरला गेला, उठवला गेला आहे, दिसला. आता काळ बघा. मूळ ग्रीकमध्ये पहिली दोन क्रियापदं घडून गेलेली घटना सांगतात, तिसरं पूर्ण वर्तमानात आहे: एगेगेर्ताय. घटना घडली आणि तिचा परिणाम अजून टिकून आहे. मराठीत ‘उठवला गेला आहे’ यातला ‘आहे’ हे काम चोख करतो, म्हणून वाचताना तो गिळू नका. हेच रूप या अध्यायात ख्रिस्ताबद्दल सात वेळा आलं आहे. क्रियापद कर्मणी आहे हेही दाखवा. उठवणारा देव आहे.

साक्षीदारांची यादी: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, शेवटी पौल. इथे कुणीतरी विचारणारच की स्त्रिया कुठे आहेत. प्रश्न रास्त आहे. या यादीत त्या नाहीत, पण चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाच्या चार वृत्तांतांत, कबरेपाशी आधी पोहोचतात त्या स्त्रियाच, आणि मग्दालीया मरीयेचं नाव चारही ठिकाणी आहे. मार्कात तीन स्त्रिया आणि एक तरुण, मत्तयात दोन स्त्रिया आणि एक देवदूत, लूकमध्ये अधिक स्त्रिया आणि दोन पुरुष, योहानात मरीया आणि दोन देवदूत. हे फरक दडपू नका, जुळवाजुळवही करत बसू नका. चार रकाने आखून लिहून ठेवा. मग आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्या: उठण्याच्या क्षणाचं वर्णन चौघांपैकी एकानंही केलेलं नाही. रिकामी कबर आणि नंतरच्या भेटी, एवढंच.

चौथ्या वचनातला ‘तिसरा दिवस’ मोजतानाही गट अडतो. शुक्रवार, शनिवार, रविवार: तेव्हाच्या मोजणीत दिवसाचा तुकडासुद्धा अख्खा दिवस धरत. एका वाक्यात सांगून पुढे जा.

लाजराची कापडं

पहिल्या बैठकीतली शेवटची वीस मिनिटं योहानाला द्या. लाजर, याईराची मुलगी आणि नाईन गावच्या विधवेचा मुलगा यांनाही येशूनं उठवलं होतं. मग येशूचं उठणं वेगळं कसं? योहान ११:४४ आणि २०:६-७ शेजारीशेजारी वाचायला लावा. लाजर बाहेर येतो तेव्हा हातपाय पट्ट्यांनी बांधलेले आहेत, तोंडाला रुमाल गुंडाळलेला आहे. दुसऱ्यांना त्याला मोकळं करावं लागतं. येशूच्या कबरेत तागाची वस्त्रं पडलेली आहेत आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एकीकडे गुंडाळलेला. रुमालासाठी ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच आहे, सूदारिऑन. लाजर आपल्या याच आयुष्यात परतला. त्याला ती कापडं पुन्हा कधीतरी लागणार होती. येशू मरणाच्या पलीकडे गेला, त्याला ती लागणार नाहीत. हे तुम्ही सांगू नका. दोन्ही उतारे वाचून झाले की गप्प बसा. गटातलंच कुणीतरी बोलतं.

वचनं १२ ते ३४: युक्तिवादाची दिशा

इथे सर्वांत जास्त चूक होते. करिंथमधले काही जण म्हणत होते की मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही. शरीर उठणार ही कल्पना ग्रीक मनाला विचित्र वाटे. अथेन्समध्ये ती ऐकून काहींनी पौलाची थट्टा केल्याचं प्रेषितांची कृत्ये १७:३२ मध्ये आहे. त्याचं उत्तर पायरीपायरीनं कागदावर मांडा: मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही, मग आमचा उपदेश पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार, तुम्ही अजून पापांत, ख्रिस्तात महानिद्रा घेतलेले नष्ट झाले, आणि आपण सर्वांत कीव करण्यासारखे. वाचणारे ही शिडी उलटी धरतात, जणू येशूचा चमत्कार आधी सिद्ध करायचा आणि आपलं काय ते मागाहून बघायचं. पौलासाठी दोन्ही एकाच कापणीचे भाग आहेत. म्हणून विसाव्या वचनात ‘प्रथमफळ’ हा शब्द येतो. लेवीय २३:१०-११ वाचा: हंगामाची पहिली पेंढी देवापुढे आणायची. पहिली पेंढी आली म्हणजे शेत पिकलेलं आहे.

वचन २६ मरणाला शत्रू म्हणतं, शेवटचा शत्रू. गटात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर हे वचन हळू वाचा. ‘देवानं नेलं ते बरंच झालं’ असं कुणी बोलू लागलं तर प्रेमानं थांबवा. लाजराला उठवायला निघालेला येशूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला. वचन २९ मधला मेलेल्यांसाठीचा बाप्तिस्मा नेमका काय होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, नाहीतर बैठक तिथेच संपते.

वचनं ३५ ते ४९: गहू

आता फडकं सोडा. प्रत्येकाच्या हातात एक कोरडा दाणा आणि एक मोड आलेला दाणा द्या. मोड आलेल्याचं टरफल सुरकुतलेलं असतं, खाली मुळांचे धागे, वर फिकट कोंब. कोरड्या दाण्याकडे बघून कोंबाचा अंदाज येत नाही, आणि तरी कोंब याच दाण्याचा आहे. पौलाला दोन्ही हवं आहे: तेच, आणि पालटलेलं. उपमा ताणू नका मात्र. बी आपोआप उगवतं तसा माणूसही उगवेल असं तो म्हणत नाही. वचन ३८ सांगतं की शरीर देव देतो.

वचनं ४२ ते ४४ मधल्या चार जोड्या लिहा: नाशवंत आणि अविनाशी, अपमान आणि गौरव, अशक्तपणा आणि सामर्थ्य, प्राणमय आणि आध्यात्मिक. चौथ्या जोडीवर सगळे घसरतात. ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणजे धुक्यासारखं, हात न लागणारं काहीतरी, असा समज होतो. ग्रीकमध्ये प्सुखिकॉन आणि न्यूमातिकॉन ही विशेषणं शरीर कशाच्या बळावर जगतं ते सांगतात, ते कशाचं बनलंय ते नव्हे. प्राणावर चालणारं आणि पवित्र आत्म्यावर चालणारं, दोन्ही शरीरंच. सोबत लूक २४:३९-४३ वाचा: उठलेला येशू हाडामांसाचा आहे, भाजलेला मासा खातो. आणि योहान २०:१९ सुद्धा: दारं बंद असताना तो आत येऊन उभा राहतो. यातलं एक सोडून दुसरं धरलं की चित्र बिघडतं.

वचनं ५० ते ५८: वस्त्र आणि काम

मराठी वाचकाच्या मनात पुनरुत्थान आणि पुनर्जन्म एकमेकांत मिसळतात, आणि वस्त्राची उपमा त्यात भर घालते. जुनं वस्त्र टाकून आत्मा नवं घेतो, हे कानावर असतंच. पौल वचन ५३ मध्ये वस्त्राचाच शब्द वापरतो, पण या नाशवंतानं अविनाशीपण परिधान करावं असं म्हणतो; काही टाकलेलं नाही. २ करिंथ ५:४ मध्ये तर तो साफ लिहितो की वस्त्र काढावं अशी आमची इच्छा नाही, वरून आणखी घालावं अशी आहे. शिवाय पुनर्जन्मात फेरा असतो. इथे एकदाच, सर्वांसाठी, शेवटल्या कर्ण्याच्या वेळी (वचन ५२). या दोन कल्पनांमध्ये उजवं-डावं ठरवण्याची गरज नाही. त्या वेगळ्या आहेत एवढं स्वच्छ दिसलं पाहिजे.

शेवटी ‘पोकळ’ हा धागा जोडा. ग्रीक केनॉस हा शब्द वचन १०, १४ आणि ५८ मध्ये येतो: कृपा व्यर्थ झाली नाही; ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ; तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. भाषांतरात शब्द बदलतो म्हणून हा धागा दिसत नाही. तिन्ही जागी पेन्सिलीनं एकच खूण करा. शरीर उठणार असेल तर शरीरानं केलेलं काम वाया जात नाही, हे पौलाचं गणित आहे.

अध्याय संपला म्हणून पुस्तक मिटू नका. पुढची चार वचनं, १६:१-४, त्याच दमात वाचा. कर्ण्याच्या आवाजावरून पौल थेट यरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठीच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठीच्या, वर्गणीवर येतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं. आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे रविवार, ज्या दिवशी कबर रिकामी सापडली.