सालदाराचं पोर खेळात कसं घ्यावं

चोपडा-यावलकडच्या केळीच्या मळ्यांत राहणारे बरेच सालदार सातपुड्यापलीकडचे, मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनचे बारेला आदिवासी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभराच्या मजुरीचं साल ठरतं, पुढच्या आखाजीला संपतं. अशा घरात न चालणारं किंवा न ऐकणारं पोर असलं, तर गावाला त्याचा पत्ताच नसतो. आईबाप केळीत, पोर खोलीत. मी विशेष शिक्षिका, मळ्यांवर फिरणं हेच माझं काम. गावातल्या कुणालाही जमेल असं सांगते.

आधी शेतमालकाला भेटा. सालदाराला मोकळा वेळ त्याच्याच शब्दावर मिळतो. ‘योजना’ म्हटलं की तो बिचकतो. ‘बाजाराच्या दिवशी पोरीला गावात आणू द्या भाऊ’ एवढंच मागा. बापाला हिंदी बरीच कळते, पोरीला मात्र घरचीच बोली. म्हणून ‘ये’, ‘बस’, ‘पाणी’, ‘तुझी पाळी’ हे आईकडून वहीत उतरवून घ्या आणि गल्लीतल्या मुलांना शिकवा. शिव्याही ती लगेच शिकतात, तिकडे दुर्लक्ष करा.

आता खेळ. मुलं विचारणारच, ‘तिले काय येस?’ उत्तर देऊ नका, खेळ बदला. लगोरीत पाय ताठ असलेल्या पोरीला ठिकऱ्यांजवळ बसवा: तिच्या गड्यांनी पळायचं, ठिकऱ्या रचायच्या तिनेच. चेंडू कापडाचा घ्या. पण रचताना तिला चेंडू लागला तर ती बाद, हे आधीच ठरवा. तिला कच्चं लिंबू करू नका आणि दर वेळी गुण मोजायलाही बसवू नका. जे पोर बाद होत नाही, त्याच्याशी कुणी भांडत नाही, आणि भांडण नसलं की दोस्तीही होत नाही. सागरगोटे, चिंचोके हे बसूनच खेळायचे, तिथे काही बदलावं लागत नाही. ऐकू न येणाऱ्यासाठी ओरडण्याऐवजी रुमाल हलवायचा, बस्स. मोठ्यांनी लांब बसावं. मध्ये मध्ये ‘तिला घ्या रे, तिला घ्या’ केलं की मुलं कंटाळतात आणि राग तिच्यावर निघतो.

व्हीलचेअर मिळाली तर शाळेतच ठेवा. मळ्याच्या वाटेवर तिची पुढची चाकं ठिबकच्या नळीला अडतात, पावसाळ्यात काळ्या मातीत रुततात. मोटारसायकलवर न्यायचं तर मागून धरायला मोठं माणूस हवंच.

शाळेत आधीच्या शाळेचा दाखला मागतील. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि पोराला वयानुसार वर्गात बसवायचं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क 18 वर्षांपर्यंत नेला आहे. तीव्र अपंगत्व असलं तर घरी शिकण्याची सोय आहे, पण ती पालकांनी निवडायची असते. शाळेनेच ‘घरीच राहू द्या’ म्हटलं तर मान डोलावू नका.

कागदांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ते देशभर चालतं. मध्य प्रदेशात काढलेलं असेल तर इथे नवं काढायची गरज नाही. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणीची तारीख होळीच्या आसपास घेऊ नका. होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार सुरू झाले की ही माणसं मुलुखाला जातात, आणि होळी सोडून दवाखान्यात कोण थांबेल? मीही नसते थांबले.

साल संपायच्या आधी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीच ते असतं. कार्ड, पत्रक आणि एक चिठ्ठी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या. चिठ्ठीत पोरगी कशी बसते, काय खाते, झटके येतात का आणि कोणते खेळ खेळते ते हिंदीत लिहा.

संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाचं मात्र आश्वासन देऊ नका. तिला राज्यात 15 वर्षं राहिल्याची अट आहे, आणि यातल्या बहुतेकांकडे तेवढा पुरावा नसतो. अडलंच तर पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकाची चौकशी करा.