एक गुंठा भाड्याने घेताय? सुरुवात दोनच वाफ्यांनी करा

पुण्यात स्वतःची जमीन नसली तरी घरची भाजी पिकवता येते. सोसायटीचा मोकळा कोपरा, ओळखीतला रिकामा प्लॉट किंवा मुळशी-हवेलीकडे एखाद्या शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेला गुंठाही पुरतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. कागदावर तो लहान दिसतो, पण निंदायला बसलं की संपता संपत नाही.

जागा बघताना आधी पाणी बघा. विहीर किंवा बोअर मे महिन्यात किती चालते, हे मालकाला विचाराच, पण शेजारच्या शेतकऱ्यालाही विचारा. १० फूट बाय ३ फुटांच्या वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण १५ लिटर पाणी धरावं लागतं, उन्हाळ्यात बरंच जास्त. मुदत, भाडं आणि पाणी कागदावर लिहून घ्या. मी पहिली जागा नुसत्या शब्दावर घेतली होती आणि टोमॅटो लागायच्या सुमाराला ती सोडावी लागली. ते अजून मनाला लागतं.

मग कुदळीने फूटभर खणून पाहा. शहरातल्या प्लॉटवर बहुतेकदा राडारोडा निघतो, तो वेचून काढा. लगेच मुरूम लागला तर माती आणि शेणखत घालून गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उचललेला वाफा, करा. काळी माती लागली तर नशीब चांगलं, पण मग वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओल, ओळखायला शिकावंच लागेल. ओल्या काळ्या मातीत खुरपी चालवली की ती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि सुकल्यावर दगडासारखी ढेकळं होतात. म्हणून मूठभर माती लाडवासारखी वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. गोळा तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. मुळात वळलाच नाही तर पाणी द्या. घाईने चिखलात काम केलं तर त्याची फळं सगळा हंगाम भोगावी लागतात.

नवख्यांनी पावसाळ्यात हात घालू नये, तण आवरत नाही. दसऱ्याच्या सुमाराला दोनच वाफे करा, प्रत्येकी दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. उरलेल्या जागेवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाका. एका वाफ्यात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर, कडेला मुळा. धणे हलके रगडून दोन फोडी करून पेरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, धण्यांना आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात धीर सोडून पुन्हा पेरू नका. भाऊबीज उरकते न उरकते तोच मेथी काढायला येते.

गुंठ्यापुरतं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, घरीच होतं: ५ लिटर पाणी, पाव किलो शेण, पाव लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन आणि बांधावरची चिमूटभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, दोन-तीन दिवसांनी वाफ्यांना द्या.

मेथी उपटल्यावर तो वाफा दोन दिवस उन्हात तापू द्या. मग घमेलंभर शेणखत घालून तिथे पालक पेरा, आणि आच्छादन थोडं सरकवून तिसरा वाफा खणायला घ्या.