नर्सरीतलं झाड घरी जगवायचं तर

झाड निवडणं, खिडकी ठरवणं यात वेळ घालवत नाही. पहिल्यांदाच आणत असाल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट नाहीतर पीस लिली घ्या. थेट ऊन नको, उजेड हवा. कुंडीला खाली भोक हवंच. बिनभोकाची सिरॅमिकची सुंदर कुंडी पेनं ठेवायला वापरा.

आणि हवा शुद्ध होते म्हणून आणू नका. झाडं हवा शुद्ध करतात असं सांगणारा नासाचा १९८९ सालचा तो प्रसिद्ध अभ्यास हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. आपल्या घरात खिडक्या सताड उघड्या असतात. हिरवं बघून बरं वाटतं, एवढं कारण पुरे.

आता खरी अडचण, म्हणजे लाल माती. मुंबईच्या नर्सऱ्यांमध्ये बरीच झाडं बाहेरून, आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून येतात, काळ्या पिशवीत आणि चिकट लाल मातीच्या गोळ्यात. ट्रकच्या प्रवासात मुळं घट्ट धरून ठेवायला ती माती उत्तम. घरात मात्र ती घात करते. उन्हाळ्यात आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. घातलेलं पाणी कडेने खाली पळतं, ताटली भरते, आपण समजतो झाड पाणी प्यायलं. गाभा कोरडा ठणठणीत. जुलैत उलटं: एकदा भिजलेला गोळा दहा दहा दिवस वाळत नाही आणि मुळं कुजतात.

माझ्या पहिल्या तीन पीस लिली अशाच गेल्या. नर्सरीवाला म्हणाला होता, ‘पिशवी कापा, तशीच मोठ्या कुंडीत ठेवा, बाजूने माती भरा.’ तिसरी मेल्यावर कुंडी उलटी केली, तर भोवतीची माती भुसभुशीत होऊन पडली आणि मधे पिशवीच्या आकाराचा लाल दंडगोल जसाच्या तसा, विटेसारखा. नऊ महिन्यांत एक मूळ त्याच्या बाहेर आलं नव्हतं.

तेव्हा असं करा. झाड आणल्यावर आठवडाभर हात लावू नका, घरची सवय होऊ द्या. मग पिशवी कापून गोळा अर्धा तास बादलीत बुडवा. ओढू नका. पाण्यातच बोटांनी खालून वर चोळत माती सोडवा, पाणी दोनदा बदला. मनी प्लांटची जवळजवळ सगळी माती काढली तरी चालतं. पीस लिलीची मुळं बारीक, तिथे निम्मी निघाली की थांबा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, चिमटीत धरलं की साल सरकते आणि आत दोरा उरतो. ते कापून टाका.

मोगरा, जास्वंद, गुलाब यांना हा प्रकार अजिबात करू नका. एकदा उत्साहात जास्वंदीची मुळं स्वच्छ धुतली. चार दिवसांत सगळी पानं गळली, झाड गेलंच. त्यांच्या गोळ्याच्या कडा फक्त खरवडायच्या.

मिश्रण: तीन वाट्या भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन वाट्या पर्लाइट (हलके पांढरे दाणे) किंवा भरड वाळू, एक वाटी गांडूळखत. वाळू चौपाटीवरून आणू नका, खारट असते. स्नेक प्लांटला वाळू वाढवा. नवी कुंडी आधीच्यापेक्षा दोन इंच मोठी, जास्त नाही. तळाशी खडे घालायचा सल्ला सगळे देतात. मी घालत नाही. माती पुरती चिंब झाल्याशिवाय पाणी खड्यांत उतरत नाही, म्हणजे ओली चिखलवट जागा मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बस्स. महिनाभर खत नको.

पाणी ‘आठवड्यातून दोनदा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मे महिन्याचा आठवडा वेगळा, जुलैचा वेगळा. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर भोकातून येईपर्यंत घाला, ओलं लागलं तर उद्या बघा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली की बोटही लागत नाही. उरलेला चहा ओतणाऱ्या पाहुण्यांवर लक्ष ठेवा.

ताटलीतलं पाणी त्याच दिवशी फेका. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी दर आठवड्याला बदला. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि पालिकेची माणसं तपासणीला आली की आधी तिथेच बघतात.

दीड-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी, लोकलची घाई असतानाच, मधोमध नव्या पानाची सुरळी दिसेल, फिकट पोपटी, मेणचट. हाताने उलगडायला जाऊ नका, फाटते. ग्रिलमध्ये कुंडी ठेवली असेल तर पाणी रात्री घाला, खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे तोवर आत गेलेले असतात.