बटाटा-बेकनचं क्रीमी सूप: या चुका टाळा

सूप फाटलं, डिंकासारखं चिकट झालं, नाहीतर घोटभरही जाईना इतकं खारट झालं. या सुपाबद्दल मी बहुतेक याच तीन तक्रारी ऐकते आणि तिन्ही माझ्याही हातून झालेल्या आहेत. खारटपणा सोडला तर बाकीचा दोष बहुतेक वेळा आचेचा आणि घाईचा असतो. बेकनला मंद आच लागते, बटाट्याला नीट उकळी लागते आणि दुधाला उकळी अजिबात चालत नाही. आपण मात्र सगळं एकाच आचेवर उरकायला जातो.

चार जणांसाठी माझं प्रमाण असं: 700 ग्रॅम बटाटे, 150 ग्रॅम बेकन, एक मोठा कांदा, दोन-तीन लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे मैदा, 750 मिली कमी मिठाचा स्टॉक, 200 मिली क्रीम आणि आवडत असेल तर 75 ग्रॅम चीज.

बेकन तापलेल्या पातेल्यात टाकणं

कडकडीत तापलेल्या पातेल्यात बेकनचा मांसल भाग आधी करपतो आणि चरबी तशीच रबरासारखी राहते. म्हणून जाड बुडाच्या गार पातेल्यात तुकडे पसरा, मग मंद आच लावा आणि दहा-बारा मिनिटं हात आखडून उभे राहा. चरबी हळूहळू सुटते आणि तुकडे तिच्यातच खरपूस होतात. ते कागदावर काढून ठेवा आणि वाढताना वरून घाला. सुपात शिजवत ठेवलेलं बेकन मऊ, चिवट होतं.

पातेल्यात दोन मोठे चमचे चरबी ठेवून बाकीची काढून घ्या. सगळीच ठेवली तर सुपावर तवंग येतो. तळाला धरलेला तपकिरी थर मात्र घासून टाकू नका, सुपाची निम्मी चव त्यातच असते. त्यात कांदा-लसूण परता आणि मैदा घालून दोन मिनिटं भाजा, नाहीतर कच्च्या पिठाचा वास राहतो. मग स्टॉक थोडा-थोडा ओतत तो थर खरवडून सोडवा. एकदम ओतला तर गुठळ्या होतात. थर काळा झाला असेल तर पातेलंच बदला, तो कडूपणा क्रीमने झाकत नाही.

बटाटा: जात, आकार आणि आच

पिठूळ बटाटा शिजून फुटतो आणि सुपाला दाटपणा देतो. पातळ सालीचे मेणचट बटाटे आकार धरून राहतात. मी दोन भाग पिठूळ आणि एक भाग मेणचट घेते. फोडी साधारण 2 सेंटिमीटरच्या, सारख्या असाव्यात. साल हिरवी पडली असेल तर तो भाग खोलवर कापून टाका, बटाटा बराच हिरवा असेल तर वापरूच नका.

‘अर्धा तास झाला तरी बटाटा शिजत नाही’ ही तक्रार खूपदा येते. त्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे आंबट पदार्थ आधीच घातलेला असतो. वाइन, टोमॅटो किंवा आंबट क्रीम असलं की बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. दुसरं म्हणजे आच फारच कमी असते. बटाटा 55 ते 65 अंश सेल्सियसला बराच वेळ राहिला तर उलट घट्ट होतो आणि पुढे लवकर मऊ पडत नाही. सूप हलकं पण सतत उकळतं ठेवा. पंधरा मिनिटांत सुरीचं टोक सहज आत गेलं पाहिजे.

मिक्सरमधून काढणं

सगळ्यात जास्त सुपं मी इथे बिघडलेली पाहिली आहेत. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत फुगलेला स्टार्च असतो. मिक्सरची पाती त्या पेशी फोडतात, स्टार्च बाहेर येतो आणि सुपाची खळ होते. चमचा उचलला की तार धरते. फ्लॉवर किंवा भोपळ्याच्या सुपाला मिक्सर चालतो, कारण त्यांत स्टार्च फार कमी असतो. तीच सवय इथे नडते.

मॅशरने किंवा डावाने पातेल्यातच एक तृतीयांश फोडी दाबा, बाकी तशाच राहू द्या. अगदी गुळगुळीतच हवं असेल तर बटाटा चाळणीतून दाबून काढा. खळ झालीच तर ती उलटत नाही. गरम स्टॉकने पातळ करून त्यात वेगळ्या उकडलेल्या फोडी घातल्या की निदान खाण्याजोगं होतं.

दूध-क्रीम उकळणं

उकळत्या सुपात फ्रिजमधलं गार दूध ओतलं की ते फाटण्याची शक्यता वाढते. जोरदार उकळीत दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटून कण्या धरतात, त्यात आंबटपणा असेल तर आणखी लवकर. 35 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं क्रीम बरंच तग धरतं, साय काढलेलं दूध सगळ्यात आधी फुटतं. भाजलेल्या मैद्याचा आधार असला की दूधही सांभाळलं जातं, म्हणून मैद्याची पायरी मी गाळत नाही.

आच कमी करा. वाटीभर क्रीममध्ये दोन पळ्या गरम सूप घालून ढवळा, मग ते पातेल्यात ओता. पुढे फक्त वाफ निघेल इतकंच गरम ठेवा. चीज आणि आंबट क्रीम गॅस बंद केल्यावरच. चीज आयत्या वेळी किसा. तयार किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून पूड लावलेली असते, ते एकजीव वितळत नाही. किंचित फाटलंच तर गॅस बंद करून दोन-तीन चमचे क्रीम घालून फेटा, बऱ्याचदा सावरतं. मोठ्या कण्या झाल्या असतील तर सावरत नाही, पण दूध ताजं होतं तर ते सूप खायला हरकत नाही.

मीठ

बेकन खारट, स्टॉक खारट, चीज खारट. म्हणून चीज विरघळल्यावर चव घ्या आणि मगच मीठ ठरवा. खारट झालंच तर कच्चा बटाटा टाकून उपयोग होत नाही, तो मीठ वेगळं ओढून घेत नाही. बिनमिठाचं दूध किंवा उकडलेला बटाटा घालून सुपाचं प्रमाण वाढवा.

उरलेलं सूप

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी ते थिजल्यासारखं दाट होतं, स्टार्च गार झाला की तसंच होतं. थोडं दूध घालून मंद आचेवर, तळापासून ढवळत, चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा. बेकन वेगळं ठेवलं असेल तर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं फिरवा, पुन्हा कुरकुरीत होतं. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, क्रीम फुटतं आणि बटाट्याच्या फोडी स्पंजासारख्या होतात.