मोरोक्कोच्या खेड्यात बिऱ्हाड करताना

विट्या-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांना, परमुलखात बस्तान बसवायची रीत सांगावी लागत नाही. आधी गावातला जाणता माणूस गाठायचा, मग खोली, मग धंदा. मोरोक्कोच्या खेड्यातही क्रम हाच ठेवा. तिथला जाणता माणूस म्हणजे मुकद्दम. आपल्या पोलीस पाटलासारखा तो गावातल्या प्रत्येक घराची खबर ठेवतो. त्याच्यावर शेख आणि शेखाच्या वर काइद, हे सरकारी अधिकारी. सामान लावायच्या आधी मुकद्दमाला भेटा, कारण तुम्ही खरोखर या घरात राहता, हे पुढे त्याच्याच शब्दावर ठरते.

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर निवासपत्र लागते. शहरात अर्ज पोलिसांकडे, खेड्यात जांदार्मरीकडे, म्हणजे तिथल्या ग्रामीण पोलिसांकडे. पासपोर्टच्या प्रती, फोटो, भाडेकरार, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला तयार ठेवा. साध्या कागदावरचा भाडेकरार चालत नाही. घरमालक आणि तुम्ही दोघांनी गावच्या कचेरीत जाऊन सह्या साक्षांकित करून घ्यायच्या. जन्माचे, लग्नाचे दाखले निघण्यापूर्वीच अपोस्टिल करून घ्या, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का मारून घ्या, कारण तिथे बसून साताऱ्याहून कागद मागवण्यात महिने जातात. फ्रेंच किंवा अरबी भाषांतर मात्र तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करायचे. अर्जाची पावती निवासपत्र हाती येईपर्यंत खिशात असू द्या. नोकरीवर जात असाल तर तिथल्या कामगार मंत्रालयाचा शिक्का असलेला करार हवा.

शेतजमीन विकत घ्यायचा विचार डोक्यातून काढा. परदेशी माणसाला ती घेता येत नाही. कोणी गावकऱ्याच्या नावावर घेऊन देतो म्हणाला, तर पैसे गेलेच समजा. खंडाने करता येते. परदेशातून आणलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपा, कारण पुढे पैसे परत न्यायचे झाले तर तीच मागतात. रुपये तिकडे चालत नाहीत, युरो न्या.

घर निवडताना घाई नको. डोंगराकडची जुनी घरे मातीच्या ठोकून केलेल्या जाड भिंतींची, वर लाकडी तुळया आणि माती. माणदेशातले माळवद पाहिलेल्याला ही रचना लगेच कळेल. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अल हौझ भागात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास तीन हजार माणसे गेली, आणि अशीच माती-दगडाची घरे कोसळली. कोयनेचा १९६७ चा धक्का ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो त्यांनी तरी हे हलक्यात घेऊ नये. कोपऱ्यांत वर रुंद होत गेलेली भेग, पोट सुटलेली भिंत, भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजलेले, यातले एक जरी दिसले तरी दुसरे घर बघा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर पायाशी बोट दाबून पाहा. आत ओल कोंडून भिंत खालून भुसभुशीत होते आणि बाहेरून सगळे छान दिसते.

थंडी आपल्या अंदाजापेक्षा फार असते. मध्य ॲटलास डोंगरांतल्या इफ्रानला १९३५ साली उणे २३.९ अंश नोंदले गेले आहे. महाबळेश्वरच्या स्वेटरवर तिथला हिवाळा निघत नाही. गॅसची शेगडी पेटवून लोक खोली गरम करतात, आणि इथेच जीव जातो. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही. खिडकी चार बोटे उघडी ठेवा, झोपण्यापूर्वी शेगडी बंद करा, आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतल्याशिवाय आंघोळ करू नका. डोके दुखून मळमळायला लागले तर आधी बाहेर पडा.

गॅसच्या टाकीला बूटा म्हणतात. मोठी १२ किलोची, छोटी ३ किलोची. रिकामी देऊन भरलेली गावच्या हानूतातून, म्हणजे किराणा दुकानातून मिळते. आपला रेग्युलेटर बसत नाही, तिथलाच घ्या. प्रेशर कुकर नेऊ नका, तोही तिथे घरोघरी असतो. मिक्सर चालतो, वीज २२० व्होल्टचीच आहे, फक्त दोन गोल पिनांचा, अर्थिंगचा अडॅप्टर लागेल.

पाण्याची पाळी ताकारी-म्हैसाळच्या लाभक्षेत्रातल्या माणसाला समजावायला नको. ॲटलासच्या पाटांवर पाणी वेळेच्या हिश्शाने वाटतात. जमीन खंडाने घेताना पाळी त्यात धरली आहे का, किती वेळाची, दिवसाची की रात्रीची, हे साक्षीदारांसमोर ठरवा. पाट साफ करायला गाव तिविझाला निघते, ती आपली सावडच. त्या दिवशी फावडे घेऊन हजर राहा. पैसे देऊन सुटका करून घेणाऱ्याला गाव मनात परकेच ठेवते. बोअर घ्यायला सरकारी परवानगी लागते.

आठवडी बाजाराचा वार गावाच्या नावातच सापडतो. तनीन म्हणजे सोमवार, तलाता मंगळवार, अरबा बुधवार, खमीस गुरुवार, सब्त शनिवार, हद्द रविवार. भाव विचारला की म्हातारे विक्रेते रियालमध्ये सांगतात. रियालची नोट नसतेच, २० रियालचा एक दिरहम, आणि दिरहम हेच तिथले चलन. ‘मिया रियाल’, म्हणजे शंभर रियाल, हे ५ दिरहम; ‘अलफ रियाल’, म्हणजे हजार, हे ५०. ऐकलेल्या आकड्याला वीसने भागायची सवय लागेपर्यंत नोटा हातात धरून उभे राहू नका.

बाजारात हळद खरकूम, जिरे कामून, कोथिंबीर कझबूर आणि मेथी हलबा या नावांनी मागा. मसूर, हरभरा, राजम्यासारखा पांढरा घेवडा मुबलक मिळतो. तूरडाळ, हिंग आणि कांदा-लसूण मसाला मात्र घरूनच. शाकाहारी माणसाने बिसारा विचारावा. ते वाळवलेल्या बाकल्याचे घट्ट सार असते, वर ऑलिव्हचे तेल आणि जिरे. भाज्यांचा ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा, सांगितला तरी त्यात मटणाचा रस्सा असू शकतो, तेव्हा ‘बला लहम’, म्हणजे मांस नको, असे आधीच म्हणा. एकाच ताटात सगळे जेवतात. उजव्या हाताने, आपल्या समोरच्या बाजूचेच घ्यायचे.

ये-जा मोठ्या टॅक्सीने, जी आपल्या वडापसारखी भरल्यावरच सुटते. सहा सीट भरेपर्यंत थांबायचे नसेल तर उरलेल्या सीटांचे पैसे भरा. परतीची शेवटची गाडी कधी, हे उतरतानाच विचारा, अंधार पडल्यावर बहुधा काही मिळत नाही. खेड्यातल्या तक्रारीला किंवा अपघाताला जांदार्मरीचा नंबर १७७, रुग्णवाहिकेचा १५.

घरी फोन करताना भारत साडेचार तास पुढे धरा. रमजानात तिथली घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा साडेपाच.