ट्रेलर लेव्हल करताना या चुका टाळा

तव्यात सोडलेलं तेल एका कडेला जमा होतंय, शॉवरचं पाणी कोपऱ्यात साचून राहतंय, बाथरूमचं दार आपोआप उघडतंय. ट्रेलर कललेला असल्याच्या या खुणा. अमेरिकेत लाँग वीकेंडला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन निघणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात, आणि नॅशनल पार्कमधल्या जुन्या कॅम्पसाइट्स क्वचितच सपाट असतात. तिथे नेमकं काय चुकतं ते पाहू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर गाडीपासून सोडवणं. पुढच्या दांड्यावरचा टंग जॅक फक्त नाक वर-खाली करतो, डाव्या-उजव्या बाजूचा कल त्याने जात नाही. तो घालवायचा तर खालच्या बाजूचं चाक फळीवर चढवावं लागतं आणि त्यासाठी गाडी जोडलेलीच हवी. म्हणून आधी डावी-उजवी बाजू, मग चॉक (चाकं अडवणाऱ्या पाचरी), मग सोडवणं आणि शेवटी पुढे-मागे. हा क्रम मोडला की पुन्हा जोडण्यापासून सुरुवात.

किती उंच करायचं याचा अंदाज बांधत बसू नका, मोजा. 24 इंची पाणसळ ट्रेलरच्या फरशीवर आडवी ठेवा. ओट्यावर किंवा टेबलावर नको, ते स्वतःच थोडे वाकडे असू शकतात. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाणसळीच्या खालच्या टोकाखाली पुठ्ठा, पट्टी असं काहीतरी सरकवा. समजा, त्याची जाडी अर्धा इंच भरली. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर 72 इंच असेल, म्हणजे पाणसळीच्या तिप्पट, तर चाक दीड इंच उचलायचं. मोबाइलच्या ॲपने मोजत असाल तर कॅमेऱ्याचा उंचवटा लक्षात घ्या. त्यामुळे फोन सपाट टेकत नाही आणि आकडा चुकतो.

आता फळी. हार्डवेअरच्या दुकानात ‘टू बाय सिक्स’ सहज मिळते आणि ती बरोबर दीड इंच जाड असते. पण तिची खरी रुंदी साडेपाच इंच, आणि बऱ्याच ट्रेलर टायर्सची जमिनीला टेकणारी बाजू त्याहून रुंद असते. टायरचा काठ अधांतरी राहिला तर सगळा भार मधल्या भागावर येतो आणि आतले पट्टे ताणले जातात. ‘टू बाय टेन’ घ्या, ती सव्वानऊ इंच रुंद असते. एका बाजूला दोन चाकं असतील तर दोन्ही सारखीच उचला. एकच उचललं तर एका ॲक्सलवर जास्त वजन येतं.

चाकं फळीवर चढली की लगेच चॉक, दोन्ही बाजूंना, चाकांच्या पुढून आणि मागून, घट्ट ठोकून. दोन टायरांच्या मध्ये बसवायचा एक्स-चॉक हलणं कमी करतो, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. ब्रेकवरचा पाय अलगद सोडून ट्रेलरचा भार चॉकवर येऊ द्या, मग हँडब्रेक ओढा. हिचचे, म्हणजे गाडी-ट्रेलर जोडणीचे, स्प्रिंग बार (वजन वाटून देणाऱ्या दांड्या) सोडवण्याआधी काढा. सेफ्टी चेन मात्र सर्वांत शेवटी: कपलर (ट्रेलरच्या टोकाची खोबण) बॉलवरून, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावरून, पूर्ण सुटला आणि ट्रेलर जागचा हलत नाही, हे दिसल्यावरच.

चार कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर फिरवून ट्रेलर उचलायचा मोह खूप जणांना होतो. हे पाय आतली डगमग थांबवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नसतात. त्यांच्यावर जोर दिला तर पाय वाकतो किंवा खालची चौकट पिळली जाते. मग दार अडतं, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) घासत बाहेर येतो. लेव्हल झाल्यावर पाय जमिनीला टेकवा, हाताला जोर लागायला लागला की थांबा. स्लाइड-आउट लेव्हल झाल्याशिवाय उघडू नका.

एवढा आटापिटा मुख्यतः फ्रिजसाठी. गॅसवर चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं द्रावण उतारावरून आपल्या वजनाने खाली वाहतं. कल जास्त झाला की ते नळीत अडकतं, बॉयलर कोरडा तापतो आणि गंज रोखणारं सोडियम क्रोमेट खडे होऊन नळी कायमची बुजवतं. अनेक मॉडेल्सची मर्यादा, फ्रिजसमोर उभं राहून पाहिलं तर, डावी-उजवीकडे 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश असते. फ्रिज ट्रेलरच्या लांब भिंतीला असेल तर त्याची डावी-उजवी बाजू म्हणजे ट्रेलरचं पुढे-मागे. म्हणजे कडक मर्यादा नेमकी टंग जॅकच्या दिशेला लागते, आणि तिथेच लोक ‘चालेल’ म्हणून सोडून देतात. चालत्या गाडीत हिसक्यांनी द्रावण हलत राहतं, धोका उभ्या ट्रेलरला. 12 व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रिजला याचा एवढा त्रास नाही.

टंग जॅकच्या पायाखाली फळी हवीच. पावसाने भिजलेल्या मातीत, आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरातही, तो रुततो. रात्री पाऊस झाला तर सकाळी बुडबुडा पुन्हा पाहा.

निघताना सगळं उलट्या क्रमाने, फक्त चॉक जोडणी पक्की झाल्यावरच काढायचे. सोडवताना कपलर बॉलच्या वर आला, त्या क्षणी जॅकच्या नळीवर रंगीत टेपची खूण करून ठेवा. परत जोडताना जॅक थेट त्या खुणेपर्यंत आणता येतो.