जुन्या गाडीचा दिवा मंद? आधी अर्थिंग तपासा

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या पद्मिनीचा किंवा अँबॅसडरचा एकच हेडलाइट पिवळट जळत असेल, तर लगेच नवा बल्ब आणायला धावू नका. बहुतेक वेळा दुखणं अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरीचं, म्हणजे दिवा गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या वायरीचं असतं. हेडलाइट लावल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर उगाच मिणमिणला, तर संशय पक्काच.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. दिवे चालू करून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरमागच्या अर्थच्या पिनेला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, की बॅटरीची निगेटिव्ह सोडून बॉडीवरचा अर्थचा स्क्रू काढा. टर्मिनलवर हिरवा थर आणि पत्र्यावर गंज दिसेल. सँडपेपरने पत्रा चकचकीत होईस्तोवर घासा, स्क्रू घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन चोपडा. पावसाळ्याआधी केलेलं बरं.

अर्थ ठीक निघाला, तर हीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूला करा. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात, आणि अनेक जुन्या गाड्यांत तो सगळा भार डॅशबोर्डच्या स्विचवर पडतो. तो भार स्विचवरून काढायला फ्यूजसकट रिले (स्विचच्या थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) बसवून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा मात्र घालू नका, वायरिंगच जळेल.